एका देखण्या गुन्हेगारीपटाचा निवाडा



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत ह्यांपैकी काहीतरी निवडीन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी चित्रपटाचे नाव सांगितल्यावर त्यांच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "मास्तर, युनियनचा माणूस आणि इंग्रजी गुन्हेगारीपट, ह्यांचा मेळ कसा घालणार?" त्याचे उत्तर आधी देतो आणि मग विषयाकडे वळतो.

आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले स्वतःचे, अशी कामगार चळवळीची फार जुनी मागणी आहे. पहिल्या आठ तासांवर आम्ही पुष्कळ भांडलो. त्या तिसऱ्या आठ तासांत कामगार काय पाहतो, कोणाला नायक मानतो, कोणाच्या चालीने चालू लागतो, ह्याचा विचार मात्र आम्ही इतरांवर सोपवला. तो विचारही युनियनच्या कामात बसतो असे मला वाटते. म्हणून आज मी एका ब्रिटिश चित्रपटाविषयी आणि त्याहून अधिक त्याच्या परीक्षकांविषयी बोलणार आहे. चित्रपटाचे नाव 'गेट कार्टर'. तो १९७१ साली प्रदर्शित झाला. आरंभी नाक मुरडून स्वीकारला गेलेला हा चित्रपट पुढे तीस वर्षांच्या आत ब्रिटनच्या उत्तमोत्तम चित्रपटांत जाऊन बसला. चित्रपट तोच राहिला, पाहणारे बदलले. दोन्ही वेळच्या परीक्षकांनी काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हा माझ्या भाषणाचा गाभा आहे.

पण श्रोतेहो, गुन्हेगारी कथेचा आणि ब्रिटिश टीकाकारांचा वाद १९७१ पेक्षा बराच जुना आहे. माझे इंग्रजी शाळेत थोडे आणि फूटपाथवर पुष्कळ झाले. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून जेम्स हॅडली चेसच्या कादंबऱ्या आणायच्या, शब्दकोश जवळ ठेवायचा आणि रात्रपाळीच्या मधल्या सुटीत वाचायच्या, हा माझा अभ्यासक्रम. आपल्यापैकी कित्येकांनी त्या रेल्वेच्या स्टॉलवर पाहिल्या असतील. ह्या चेसची पहिली कादंबरी 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' १९३९ साली आली आणि युद्धाच्या काळात, लंडनवर बाँब पडत असताना, तिचा प्रचंड खप झाला. १९४४ साली जॉर्ज ऑरवेल ह्यांनी तिच्यावर एक निबंध लिहिला. आपल्या बिहारमधील मोतिहारीस जन्मलेले हे लेखक. त्यांनी एक नेमका प्रश्न विचारला. जुन्या काळच्या चोराच्या गोष्टीत चोर कितीही देखणा असला तरी काही गोष्टी 'करायच्या नसतात' हे त्याला ठाऊक असे. ह्या नव्या गोष्टीत गुंड आणि पोलिस ह्यांच्यात नीतीचा काहीच फरक उरला नाही. जो बलवान तो खरा, एवढेच उरले. ऑरवेल ह्यांच्या मते हे बळाचे पूजन होते, आणि ज्या काळात हुकूमशहा युरोप तुडवीत होते त्या काळात ते निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देता येत नव्हते.

१९४८ साली त्या कादंबरीवर ब्रिटनमध्ये चित्रपट निघाला, तेव्हा परीक्षकांनी अक्षरशः दगड उचलले. क्रौर्य आणि विकृती ह्यांचे इतके किळसवाणे प्रदर्शन पूर्वी कधी पडद्यावर झाले नव्हते, अशा अर्थाचे परीक्षण तेथील 'मंथली फिल्म बुलेटिन'ने छापले. त्याच सुमारास ग्रॅहम ग्रीन ह्यांच्या कादंबरीवरील 'ब्रायटन रॉक' आला. त्यात कोवळ्या वयाच्या खुनी गुंडाचे काम ज्यांनी केले ते रिचर्ड ॲटनबरो पुढे १९८२ च्या 'गांधी' चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून आपणांस माहीत आहेत. 'डेली मिरर'च्या परीक्षकाने त्याही चित्रपटाची सवंग आणि ओंगळ म्हणून संभावना केली, आणि खुद्द ग्रीन ह्यांना पत्र लिहून उत्तर द्यावे लागले. आज 'मिस ब्लँडिश'चा चित्रपट केवळ वादासाठी आठवला जातो आणि 'ब्रायटन रॉक' अभिजात गणला जातो. दोन्ही एकाच काठीने बडवले गेले होते. ह्यातून एवढेच दिसते की, ओंगळ जगाविषयीची कलाकृती आणि ओंगळ कलाकृती ह्यांतील फरक घाईत असलेल्या परीक्षकास दिसत नाही.

आता 'गेट कार्टर'कडे येतो. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. शेवटही सांगावा लागेल, त्यावाचून निवाडा करता येणार नाही.

जॅक कार्टर हा लंडनमधील दोन गुंड भावांच्या पदरी असलेला माणूस. इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल हे त्याचे मूळ गाव. तेथे त्याचा भाऊ फ्रँक मरण पावतो. दारू पिऊन गाडी चालवताना अपघात झाला, असे सांगितले जाते. कार्टरला ते पटत नाही. मालकांचा सल्ला डावलून तो गावी जातो आणि माग काढू लागतो. शोधाअंती कळते की फ्रँकच्या पोरसवदा मुलीला फसवून एका अश्लील चित्रफितीत वापरण्यात आले, बापाला ते कळले आणि तो बोलेल ह्या भीतीने त्याला मारण्यात आले. मग कार्टर एकामागून एक माणसे मारीत सुटतो. शेवटचा शत्रू एरिक. त्याला तो समुद्रकिनाऱ्यावर गाठून ठार करतो. काम फत्ते झाले म्हणून हसत हसत किनाऱ्याने चालत असतानाच दूरच्या उंचवट्यावरून भाडोत्री नेमबाजाची एक गोळी येते आणि कार्टर जागच्या जागी कोसळतो. नीट पाहणाऱ्यास आणखी एक गोष्ट कळते. हा मारेकरी चित्रपटाच्या आरंभी त्याच्याच आगगाडीच्या डब्यात बसलेला होता.

मूळ कादंबरी टेड लुईस ह्यांची, १९७० सालची. ती पोलादाच्या कारखान्यांच्या एका गावात घडते. दिग्दर्शक माइक हॉजेस ह्यांनी ती न्यूकॅसल आणि नदीपलीकडचे गेट्सहेड येथे नेली. हॉजेस ह्यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. त्याआधी त्यांनी दूरचित्रवाणीवर वार्तापटांचे काम केले होते. तारुण्यात नौदलातील सक्तीच्या सेवेत असताना त्यांचे जहाज मासेमारीच्या बंदरांतून फिरे. त्या बंदरांतले दारिद्र्य त्यांनी तेव्हा पाहिले, आणि त्याचा आपल्यावर परिणाम झाला हे त्यांनी पुढे सांगितले आहे. छायालेखक वुल्फगँग सुशिट्झ्की मूळचे व्हिएन्नाचे. त्यांच्या वडिलांचे तेथील कामगारवस्तीत समाजवादी विचारांचे पुस्तकांचे दुकान होते. देश सोडून ब्रिटनला आल्यावर त्यांनी वर्षानुवर्षे माहितीपट चित्रित केले. कार्टरचे काम करणारे मायकेल केन हे दक्षिण लंडनचे. वडील मासळीबाजारात हमाल, आई घरकाम करणारी. पडद्यावरचे ब्रिटिश गुंड एक तर मूर्ख असत किंवा विनोदी असत, आपण वस्तीत पाहिलेला गुंड तसा नव्हता, असे केन ह्यांचे म्हणणे होते.

अशी माणसे कॅमेरा घेऊन गावात उतरली म्हणजे काय घडते ते पाहावे. १९७० च्या उन्हाळ्यात त्यांनी ते गाव जसेच्या तसे टिपले. एकाला एक चिकटून असलेली विटांची घरे, मागच्या बोळात वाळत घातलेले कपडे, टाइन नदीवरचे लोखंडी पूल, दारूच्या गुत्त्यात ओळीने उभी असलेली श्रमाने रापलेली माणसे. दूरच्या भिंगातून चित्रण केल्यामुळे माणसांना आपल्यावर कोणी पाळत ठेवीत आहे ह्याचे भान नाही असे वाटते. रॉय बड ह्यांचे संगीत फार थोड्या वाद्यांवर उभे आहे, आणि त्यांत आपला तबला आहे! आगगाडी उत्तरेकडे धावत असताना तबल्याचे बोल रुळांच्या ठेक्यात मिसळतात. संवाद मोजके, अभिनय आवळलेला, एकही दृश्य सैल नाही. चित्रपट देखणा आहे ह्याविषयी त्याच्या शत्रूंनीही शंका घेतली नाही.

तरीही १९७१ साली परीक्षकांचे मन त्याच्यावर बसले नाही. अमेरिकेत 'न्यूयॉर्कर'च्या पॉलिन केल ह्यांनी लिहिले त्याचा आशय असा, की हा चित्रपट इतका हिशेबी, थंड आणि आत्माहीन आहे की दुष्टपणाच्या कसबाचे एक नवे युगच त्याने सुरू होते आहे. त्याला धातूसारखी चकाकी आहे, आणि क्रौर्याच्या रसिकांसाठी तो कौशल्याने तयार केलेला माल आहे. रॉजर ईबर्ट ह्यांच्यासारख्या काहींनी अनुकूल लिहिले आणि केन ह्यांच्या पडद्यावरील अधिकाराची वाखाणणी केली. ब्रिटनमध्ये सूर साधारण असा होता की कारागिरी चांगली, पण हात धुवावेसे वाटावे असा विषय.

केल ह्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ह्या चित्रपटात बायकांचे काय होते ते पाहा. ग्लेंडा नावाची स्त्री कार्टरने मोटारीच्या मागच्या पेटीत कोंडलेली असते. दुसरे गुंड ती मोटार पाण्यात लोटून देतात आणि आत माणूस आहे हे त्यांना माहीतही नसते. कार्टर ते पाहतो आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलत नाही. मार्गारेटला तो स्वतः विषारी सुई टोचून मारतो आणि तिचे प्रेत शत्रूच्या आवारात टाकून पोलिसांना वर्दी देतो, म्हणजे मेल्यानंतरही तिचा उपयोग करून घेतो. पुतणीच्या विटंबनेने ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, तोच इतर बायकांना वस्तूसारखे वापरतो. हा विरोधाभास चित्रपटाने दाखवला आहे, पण त्याच्याकडे थांबून पाहिलेले नाही. कॅमेरा कार्टरच्या खांद्याला खांदा लावून पुढे निघून जातो. हा दोष आहे आणि तो लहान नाही.

मग इतकी वर्षे लोटल्यावर वारे फिरले. १९९० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये तरुण पुरुषांसाठी 'लोडेड'सारखी मासिके निघाली आणि त्यांना कार्टर सापडला. त्याचा कोट, त्याची बंदूक, त्याचे तुटक बोलणे ह्यांचा छंद लागला. १९९८ साली 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' आला आणि ऐटदार गुंडांच्या ब्रिटिश चित्रपटांची रांग लागली. १९९९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने विसाव्या शतकातील शंभर ब्रिटिश चित्रपटांची यादी केली. तीत 'गेट कार्टर' १६ वा आला. त्याच्या लगेच वर, १५ वा, तोच एके काळी बडवला गेलेला 'ब्रायटन रॉक'. २००० साली अमेरिकेत सिल्व्हेस्टर स्टॅलोनला घेऊन त्याची नवी आवृत्ती निघाली. ती सपशेल पडली, कारण त्यांनी कथा उचलली आणि गाव मागे ठेवले. २००३ साली स्टीव्ह चिबनॉल ह्या अभ्यासकाने ह्या एका चित्रपटावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि २००४ साली 'टोटल फिल्म' मासिकाने तर त्याला ब्रिटनचा सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरवले.

बंधुभगिनींनो, येथे थोडे थांबू या. पहिल्या पिढीच्या परीक्षकांना ज्या थंडपणाची किळस आली, त्याच थंडपणावर दुसऱ्या पिढीचे चाहते लुब्ध झाले. एकाने नाक मुरडले, दुसऱ्याने आरती ओवाळली, पण दोघांची नजर एकाच ठिकाणी खिळली होती, ती म्हणजे कार्टरच्या चेहऱ्यावर. त्याच्या पाठीमागे काय उभे आहे, हे अभ्यासकांनी पुढे दाखवले. बोलबाला मात्र चेहऱ्याचाच राहिला.

त्याच्या पाठीमागे काय होते ते मी माझ्या धंद्याच्या नजरेने सांगतो.

पहिली गोष्ट पैशाची. चित्रपटातील गुंडांचा एक मुख्य धंदा म्हणजे नाणे टाकून खेळायची जुगारी यंत्रे. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने अशा यंत्रांना वाट मोकळी झाली. ईशान्येकडे त्यांचे मोठे गिऱ्हाईक कोण? कामगारांचे क्लब. खाणकामगारांनी आणि गोदीकामगारांनी वर्गणी काढून उभारलेले, आपले पंच आपण निवडून चालवलेले क्लब. ज्या संस्था कामगारांनी आपल्या तिसऱ्या आठ तासांसाठी बांधल्या, त्यांच्याच भिंतीला ही यंत्रे लागली आणि आठवड्याच्या पगारातील चिल्लर त्यांतून वाहू लागली. १९६७ च्या जानेवारीत ह्या यंत्रांतले पैसे गोळा करणाऱ्या एका माणसाचा काउंटी डरहॅममध्ये गोळ्या घालून खून झाला आणि तो खटला देशभर गाजला. चित्रपटातील गुंडांच्या नायकाचा बंगला म्हणून जे घर दिसते, ते ह्याच यंत्रांच्या धंद्यातील एका माणसाचे खरेखुरे घर होते. तेव्हा हा चित्रपट हवेतून पडलेला नव्हता.

दुसरी गोष्ट सिमेंटची. गेट्सहेडमधील ट्रिनिटी स्क्वेअरचा मोटारी ठेवण्याचा प्रचंड मनोरा १९६७ साली खुला झाला होता. त्याच्या माथ्यावर उपाहारगृह व्हायचे होते. ते कधीच चालू झाले नाही. चित्रपटात एक व्यापारी तेथे आपले उपाहारगृह थाटण्याची स्वप्ने रंगवीत असतो, आणि त्याच इमारतीवरून कार्टर त्याला खाली फेकतो. त्या वर्षांत न्यूकॅसलची जुनी वस्ती पाडून नवे शहर उभारण्याची धामधूम चालली होती. नगरपालिकेचे पुढारी टी. डॅन स्मिथ उत्तरेत ब्राझिलिया उभी करण्याची भाषा बोलत. हे स्मिथ मजूर पक्षाचे, खाणकामगाराचे चिरंजीव. पुढे जॉन पोलसन ह्या वास्तुरचनाकाराच्या लाचेचे प्रकरण बाहेर आले आणि १९७४ साली दोघांना तुरुंगवास झाला. चित्रपट त्याच्या तीन वर्षे आधीचा. न्यायालयात जे नंतर सिद्ध झाले त्याचा वास ह्या चित्रपटाला आधीच लागला होता. पुढारी, बिल्डर आणि गुंड एकाच मेजवानीला बसतात, हे त्याने दाखवले. हा मनोरा २०१० साली पाडला गेला, आणि त्याचे तुकडे डब्यांत भरून चित्रपटाची आठवण म्हणून विकले गेले. घरे गेली, मनोरा गेला, उरली ती फक्त आठवणीची विक्री!

तिसरी गोष्ट कोळशाची. शेवटचा खून ज्या किनाऱ्यावर होतो तो काउंटी डरहॅममधील ब्लॅकहॉलचा किनारा. खाणीतून निघालेला टाकाऊ दगड आणि काळी माती तारेवरून चालणाऱ्या लोखंडी बादल्यांतून आणून सरळ समुद्रात ओतली जाई. वाळू काळी, पाणी काळे. कार्टर एरिकचे प्रेत अशाच एका बादलीत टाकतो आणि ती संथपणे पुढे सरकत जाऊन समुद्रावर रिकामी होते. मालाचा उपयोग झाल्यावर माणूसही टाकाऊ मालात जमा होतो, हे इतक्या थोडक्यात सांगितलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

आणि चौथी गोष्ट स्वतः कार्टरची. चाहते त्याला कोणाचीही पर्वा न करणारा स्वतंत्र पुरुष समजतात. मला तो नोकर दिसतो. गावातल्या गुत्त्यात शिरताच तो बिअर मागतो ती पातळ काचेच्या पेल्यात. बाकीचे ज्या जाड पेल्यात पितात तो त्याला चालत नाही. आपण आता ह्यांच्यातले राहिलो नाही, हे त्याला दाखवायचे असते. कीथ नावाचा गुत्त्यात काम करणारा गावचा पोरगा त्याला मदत करतो आणि त्यापायी मार खाऊन अंथरुणाला खिळतो. कार्टर त्याच्या अंगावर नोटा टाकतो आणि चालू लागतो. कारखान्यात बोट तुटलेल्या कामगाराच्या हातावर चार नोटा ठेवून 'मिटवून टाका' म्हणणारा मुकादम ज्याने पाहिला आहे, त्याला ही ऐट ओळखता येते. तो कीथ संतापतो, आणि मला वाटते संपूर्ण चित्रपटात खऱ्या स्वाभिमानाची एवढीच एक ठिणगी आहे. ते काम करणारे नट अलन आर्मस्ट्राँग ह्यांचा तो पहिला चित्रपट, आणि ते स्वतः त्याच काउंटीतील खाणकामगाराचे चिरंजीव आहेत. आता उलट पाहा. कार्टरने नोटा टाकल्या तशाच कोणीतरी त्याच्या जिवावरही टाकल्या. ज्या डब्यात तो ऐटीत पुस्तक वाचीत बसला होता, त्याच डब्यात त्याचा मारेकरी मुकाट बसला होता. ऑरवेल ह्यांनी विचारलेला प्रश्न ह्या चित्रपटाला लावला तर मी म्हणेन की तो अर्धा उत्तीर्ण होतो. बळाची ऐट तो दाखवतो खरी, पण तिची किंमतही शेवटी चुकती करून घेतो.

अर्धा का, ते सांगतो. चित्रपटाच्या कॅमेऱ्याने कामगार पाहिला, पण चित्रपटाच्या कथेने त्याला तोंड दिले नाही. गुत्त्यातली ती माणसे पार्श्वभूमी म्हणून उभी आहेत. क्लबचा पंच नाही, खाणीच्या युनियनचा माणूस नाही, घराचे भाडे भागवणारी बाई बोलत नाही. त्या काळात ब्रिटिश चित्रपटाला हे जमत नव्हते असे कोणी म्हणू नये. १९६० च्या 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग'चा नायक नॉटिंगहॅमच्या रॅले सायकलीच्या कारखान्यात लेथवर काम करतो. त्या रॅले सायकली आपल्या वडीलधाऱ्यांनी मिरवल्या आहेत. १९६९ च्या 'केस'मध्ये केन लोच ह्यांनी बार्न्सलीच्या खाणवस्तीतील एका पोराला असे उभे केले की पाहणारा त्याला विसरत नाही. त्या १९९९ च्या यादीत हेही दोन चित्रपट 'गेट कार्टर'च्या वर आहेत.

कथेने तोंड न दिल्याचा परिणाम काय होतो पाहा. 'गेट कार्टर' पाहून उठणाऱ्या माणसाला वाटते की हे गाव मेले आहे, येथील माणसे सहन करण्यापलीकडे काही करणार नाहीत, हिशेब चुकवायचा तर बाहेरून बंदूक घेऊन कोणीतरी यावे लागेल. चित्रपट १९७१ च्या आरंभी आला. एका वर्षाच्या आत, जानेवारी १९७२ मध्ये, ब्रिटनच्या खाणकामगारांनी १९२६ नंतरचा पहिला देशव्यापी संप केला. त्यात डरहॅमच्या खाणी होत्या. सात आठवड्यांत त्यांनी सरकारला नमवले आणि पगारवाढ घेतली. ज्यांना कॅमेऱ्याने पेल्यावर वाकलेले पाहिले होते, ती माणसे उठून उभी राहिली, आणि त्यासाठी त्यांना कोणा कार्टरची गरज पडली नाही. दिग्दर्शकाने भविष्य सांगावे असा माझा हट्ट नाही. पण परीक्षकाने निदान नंतर तरी विचारायचे होते, की ह्या चित्रपटातील गाव आणि खरे गाव ह्यांत एवढे अंतर कोठून आले?

ते विचारण्याची वेळ आली तेव्हा फार उशीर झाला होता. १९८४-८५ चा मोठा संप फसला. ब्लॅकहॉलची खाण त्याआधीच १९८१ मध्ये बंद झाली होती. १९९३ च्या अखेरीस डरहॅमच्या कोळसाक्षेत्रातील शेवटची खाण बंद पडली. किनाऱ्यावर टाकाऊ माती ओतणे थांबले, आणि पुढे सरकारी खर्चाने तो किनारा स्वच्छ करण्यात आला. आता ती सगळी वर्षे जवळ जवळ ठेवून पाहा. ज्या वर्षांत त्या गावांतले काम संपले, त्याच वर्षांत कार्टरचा कोट तरुणांची फॅशन झाला. एकामुळे दुसरे घडले असे मी म्हणत नाही. पण बापाच्या हातातले अवजार गेले आणि मुलाच्या भिंतीवर बंदूकवाल्याचे चित्र लागले, हे शेजारी शेजारी पाहिल्यावर कामगारांत काम करणाऱ्या माणसाला झोप येऊ नये. ज्याला संघटनेचा खांदा मिळत नाही, तो ऐटीचा कोट शोधतो.

तेव्हा माझा निवाडा काय? 'गेट कार्टर' पाहू नये असे मी म्हणणार नाही. तो अवश्य पाहावा, तरुण मुलांबरोबर बसून पाहावा आणि नंतर चहा घेत भांडावे. बंदी घालून अभिरुची सुधारत नाही, हे १९४८ च्या गदारोळाने दाखवले. चित्रपट देखणा आहे म्हणून त्याचे दोष माफ होत नाहीत, हे १९९० नंतरच्या चाहत्यांना सांगावे लागते. आणि त्यात दोष आहेत म्हणून त्याने जे खरे पाहिले ते खोटे ठरत नाही, हे १९७१ च्या परीक्षकांना सांगावे लागले असते. परीक्षकाचे काम पंचासारखे आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे पुरते ऐकून घ्यायचे, आणि जो पक्ष हजर नाही त्याच्या वतीनेही एक प्रश्न विचारायचा. ह्या खटल्यात गैरहजर पक्ष होता त्या गावातला कामगार आणि त्याची बायको.

आणि परीक्षण लिहिणे हे वृत्तपत्रवाल्यांचेच काम आहे असे समजू नका. तिकीट काढणारा प्रत्येक जण परीक्षक आहे. कॅमेरा कोणाच्या खांद्यावरून पाहतो, कोणाच्या मरणावर थांबतो आणि कोणाच्या मरणावरून पुढे जातो, कोणाला बोलू देतो आणि कोणाला नुसते उभे करतो, एवढे प्रश्न विचारायला कोणतीही पदवी लागत नाही. माझ्यापाशी ती नाही. शेवटच्या दृश्यात त्या लोखंडी बादल्या समुद्राकडे सरकताना दिसतील तेव्हा एवढे जरूर मनात आणा की त्या भरणारा कोणीतरी होता. चित्रपटात तो आपल्याला भेटत नाही. त्याची विचारपूस आपणच करायची आहे.